पाचशे पोरांचं गाणं

जयंतीचं गाणं बसवायचं म्हणजे काय असतं हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. एप्रिल महिना, परीक्षा तोंडावर, समाजमंदिराचा ओटा, वर एक पिवळा बल्ब, पेटी कुणाकडनं तरी मागून आणलेली, आणि समोर तीस-चाळीस पोरं. अर्धी खिदळणारी, अर्धी पेंगणारी. शिकवणारा मास्तर आपल्यातलाच, नव्यानं नोकरीला लागलेला. कार्बन घालून वहीच्या पानांवर शब्द उतरवायचे. ज्याला वाचता येत नाही त्यानं ऐकून पाठ करायचं. चौदा तारखेला पोरं गातात, बाया डोळ्याला पदर लावतात. पंधरा तारखेला पेटी ज्याची त्याला परत. पेपरात एक ओळ येत नाही.

असल्याच एका जयंतीच्या गाण्याचा हा इतिहास आहे. गाव आपलं नाही. फ्लोरिडा राज्यातलं जॅक्सनव्हिल. जयंती अब्राहम लिंकनची. तारीख १२ फेब्रुवारी १९००. गाणारी पोरं पाचशे, सगळी काळी, सगळी शाळेत जाणारी.

आधी त्या गावाची हवा समजून घेतली पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी काळ्यांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. अर्पणपत्रिका खोटी नव्हती. पण त्यानंतर चारच वर्षांनी, १८७७ साली, त्याच अमेरिकेनं दक्षिणेतल्या काळ्यांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं सैन्य काढून घेतलं आणि जुन्या मालकांना मोकळं रान दिलं. पुढचं सगळं कायद्यानं, रीतसर झालं. १८८९ साली फ्लोरिडात मतदानावर डोईपट्टी आली, म्हणजे गरीब काळ्याचं मत गेलं. १८९५ साली कायदा आला की गोरी आणि काळी मुलं एका शाळेत शिकवणं हा गुन्हा. जॅक्सनव्हिलजवळच ऑरेंज पार्क म्हणून गाव आहे, तिथल्या मिशनच्या शाळेत दोन्ही मुलं एकत्र शिकत होती. १८९६ साली तिथल्या शिक्षकांना पकडण्यात आलं. मुलं एका बाकावर बसवली म्हणून मास्तरांना अटक! आणि त्याच वर्षी प्लेसी खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की वेगळं ठेवणं हे काही कमी लेखणं नव्हे. आपल्याकडं हे मनुस्मृतीत होतं, तिकडं कायद्याच्या बुकात. फरक कागदाचा.

जॅक्सनव्हिलची निम्म्याहून अधिक वस्ती काळ्यांची. त्यांच्या पोरांसाठी शाळा होती, स्टँटन शाळा. गुलामगिरी संपल्यावर, १८६८-६९ साली, फ्रीडमेन्स ब्यूरोच्या मदतीनं उभी राहिलेली. नाव दिलेलं लिंकनच्या युद्धमंत्र्याचं. या शाळेत हेलन जॉन्सन नावाची बाई शिकवायची. तिचा नवरा सेंट जेम्स हॉटेलात मुख्य वेटर. त्यांची दोन पोरं, जेम्स आणि रोझमंड. थोरला १८७१ चा, धाकटा १८७३ चा. जेम्स अटलांटा विद्यापीठातून १८९४ साली पदवी घेऊन आला आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी, आई जिथं शिकवायची त्याच शाळेचा मुख्याध्यापक झाला. शाळेत हजारावर पोरं, आणि शाळा आठवीपर्यंत. आठवी झाली की काळ्याच्या पोराचं शिक्षण संपलं, हमाली नाहीतर भांडी.

या तरुण हेडमास्तरनं काय केलं पाहा. आठवी पास झालेल्या पोरांना म्हणाला, पुढच्या वर्षी परत या, मी शिकवतो. नववीचा वर्ग त्यानं आधी स्वतः सुरू केला, मग वरच्यांना दाखवला. असा एकेक वर्ग चढवत शाळेची हायस्कूल केली. गोऱ्यांच्या शाळेत कसं शिकवतात ते बघावं म्हणून एकदा परवानगी काढून तिथं जाऊन बसला, तर गोऱ्या पालकांनी बोंब ठोकली. नोकरी सांभाळून वकिलीचा अभ्यास केला. परीक्षा भर कोर्टात, तोंडी. त्याला पास करायची वेळ आली तेव्हा परीक्षकांपैकी एक जण उठून चालता झाला, कारण काळ्याला वकील होताना बघणं त्याला सोसणार नव्हतं. बाबासाहेबांच्या बडोद्यातल्या दिवसांची ज्याला आठवण होणार नाही त्यानं पुढं वाचू नये.

धाकटा रोझमंड बॉस्टनला संगीत शिकून परतला होता आणि गावात पोरांना गाणं शिकवत होता.

१९०० सालच्या लिंकन जयंतीची तयारी काही तरुणांनी काढली. जेम्सनं भाषण करायचं ठरलं. त्याला वाटलं नुसतं भाषण नको, लिंकनवर कविता म्हणावी. कविता जमेना, दिवस थोडे. मग भावाला म्हणाला, गाणंच करू, शाळेच्या पोरांकडनं म्हणवून घेऊ. शब्द जेम्सचे, चाल रोझमंडची. गाण्याचं नाव 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग'. जेम्सनं नंतर आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की ओळी जुळवत तो घराच्या ओसरीवर येरझाऱ्या घालत होता, आणि शेवटची कडवी लिहिताना त्याला रडू आवरलं नाही. एका शाळामास्तराचं हे रडणं मला त्याच्या पुढच्या सगळ्या पदव्यांपेक्षा मोठं वाटतं.

लिंकनसाठी म्हणून बसलेल्या माणसाच्या हातून जे गाणं उतरलं त्यात लिंकनचं नाव कुठंच नाही, ही त्यातली मोठी गोष्ट. सोडवणाऱ्याचं कौतुक नाही, सुटलेल्यांची वाट आहे. आधी उमेद. मग मागं वळून बघणं: वेताचे मार, आशा जन्मायच्या आधीच मेली ते दिवस, मारलेल्यांच्या रक्तातून आलेला रस्ता. शेवटी देवाची प्रार्थना आणि मायभूमीशी इमान. शब्द स्वच्छ, शाळेच्या पुस्तकातल्या इंग्रजीत.

हे 'पुस्तकातल्या इंग्रजीत' महत्त्वाचं आहे. त्या काळी अमेरिकेच्या रंगमंचावर काळा माणूस म्हणजे हसायची वस्तू होता. गोरे नट बूच जाळून त्याची काजळी तोंडाला फासायचे, ओठ मोठे रंगवायचे आणि काळ्यांची बोली वाकडी करून नाचायचे. मिन्स्ट्रेल म्हणत त्या खेळाला. त्याचा गल्ला इतका की पोटासाठी काळे नटसुद्धा आपल्याच काळ्या तोंडाला काजळी लावून उभे राहायचे. अशा वेळी पाचशे काळी पोरं तोंड धुऊन ओळीत उभी राहतात आणि कुणाला हसवत नाहीत. आपल्याकडं तमाशाचा जलसा झाला तो याच कारणानं. गण-गौळण टाकली, मावशीचा पाचकळपणा टाकला, आणि भीमराव कर्डकांसारखी माणसं स्वतःच्या शब्दांनिशी फडावर उभी राहिली. कलावंत तेच, गळा तोच, पण आता कुणाची करमणूक करायची हा प्रश्न उरला नाही.

पाचशे पोरांना गाणं शिकवायचं तर पाचशे कागद लागणार. भावांनी गाणं न्यूयॉर्कच्या प्रकाशकाकडं पाठवलं, एडवर्ड मार्क्सकडं. त्यानं त्याच्या प्रती काढून पाठवल्या. छापील नव्हे, मिमिओग्राफच्या. म्हणजे आपला सायक्लोस्टाईल! मेणकागदावर अक्षरं उठवायची, शाईचा रूळ फिरवायचा, एकेक कागद काढायचा. हे वाचलं तेव्हा मी हातातलं पुस्तक ठेवून बोटांकडं बघितलं. असले अंक काढणाऱ्यांच्या नखात जी शाई बसते तीच शाई त्या पोरांच्या हातांना लागली असणार. आपल्याला छापखाना परवडत नाही म्हणून आपण स्टेन्सिल कापतो, आणि प्रस्थापित मासिकांचे संपादक आपल्या अंकाला चोपडी म्हणतात. म्हणू देत. पुढं साऱ्या काळ्या अमेरिकेनं म्हटलेलं गाणं पहिल्यांदा पोरांच्या हाती आलं ते असल्याच कागदावर.

पोरांनी ते त्या दिवशी म्हटलं. कार्यक्रम झाला. भाऊ पुढच्या कामाला लागले.

पुढच्याच वर्षी, ३ मे १९०१ रोजी, गाद्यांचा काथ्या करणाऱ्या एका कारखान्यात ठिणगी पडली आणि जॅक्सनव्हिल जळालं. शहराचे १४६ चौक खाक, दोन हजारांवर इमारती गेल्या, दहा हजारांच्या आसपास माणसं उघड्यावर आली. स्टँटन शाळाही जळाली. गावात लष्करी कायदा लागला. आगीनं काळ्यांचे काय हाल झाले ते लिहायला एक बाई न्यूयॉर्कहून आली होती. ती काळीच, पण रंगानं उजळ. लेख दाखवायला म्हणून तिनं जेम्सला बागेत बोलावलं. दोघं बोलत बसलेले शिपायांनी पाहिले, आणि आवई उठली की काळा माणूस गोऱ्या बाईबरोबर आहे. बंदुका, संगिनी घेऊन टोळकं अंगावर आलं. कपडे फाडले, मारा मारा असा गलका झाला. फ्लोरिडात त्या गलक्याचा शेवट दोरीनं व्हायचा. त्याला अधिकाऱ्यासमोर नेलं, तो अधिकारी वकील, ओळखीचा निघाला, म्हणून जीव वाचला. बाई गोरी नाही हे सिद्ध झाल्यावर गुन्हाच उरला नाही! हजार पोरांचा हेडमास्तर, कोर्टाचा वकील, गाण्याचा कवी, आणि जगला तो केवळ बाईच्या रंगाच्या दाखल्यावर. १९०२ साली त्यानं राजीनामा दिला आणि न्यूयॉर्क गाठलं. रोझमंडही तिकडंच. बॉब कोल नावाच्या सोबत्याला घेऊन भावांनी नाटकांची गाणी केली, नाव कमावलं, पैसा कमावला. जयंतीचं गाणं दोघंही विसरून गेले.

पोरं विसरली नाहीत.

इथंच या इतिहासाचा गाभा आहे. शाळा राहिली नाही, मास्तर राहिला नाही, सायक्लोस्टाईलचे कागद तरी कितीसे उरले असतील. जेम्सनं स्वतः लिहून ठेवलंय की जॅक्सनव्हिलची शाळकरी मुलं ते गाणं गातच राहिली. ती दुसऱ्या गावच्या शाळांत गेली, तिथं गायली. मोठी होऊन शिक्षक झाली, आपल्या पोरांना शिकवलं. वीस वर्षांत गाणं सगळ्या दक्षिणेत पसरलं. लोक टाईप केलेले शब्द भजनाच्या पुस्तकांच्या मागच्या पुठ्ठ्याला खळीनं चिकटवून ठेवायचे. पुढं फिरतीवर गेलेल्या जेम्सला आपलंच गाणं अनोळखी माणसांच्या तोंडून ऐकायला मिळायचं.

गाण्याच्या इतिहासात दोन नावं येतात. शब्द यांचे, चाल त्यांची. बरोबर आहे, ते त्यांचं देणं आहे. पण गाणं जगवणाऱ्या पोरांचा उल्लेख आकड्यात येतो. पाचशे. जसं महाडला इतके हजार, नाशिकला इतके हजार. आकड्यात माणूस मावतो आणि हरवतोही. त्यातली एखादी तेरा-चौदा वर्षांची पोर पुढं कुठल्यातरी आडगावच्या एकशिक्षकी शाळेत मास्तरीण झाली, फळ्यावर गाणं लिहिलं, छडीनं एकेक शब्द दाखवत वर्गाकडनं घोकून घेतलं. अशा बाया किती असतील? आपल्याकडं वामनदादांची गाणी रेडिओनं पोचवली की वस्तीवस्तीतल्या असल्या बायांनी आणि मास्तरांनी, हे ज्यानं त्यानं आपल्या लहानपणाला विचारावं.

जेम्स १९१४ पासून न्यूयॉर्कमध्ये 'न्यूयॉर्क एज' या काळ्यांच्या पत्रात अग्रलेख लिहीत होता. त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात महाराष्ट्रातला एक महार विद्यार्थी पहाटेपासून ग्रंथालयात बसत होता. हार्लेम तिथून चालत जाण्याइतकं जवळ. जेम्स १९१६ साली 'नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल' या संघटनेत गेला, १९२० पासून तिचा प्रमुख कार्यवाह झाला, आणि १९१९ पासून पोरांचं हे गाणं त्या संघटनेचं अधिकृत गीत झालं. याच संघटनेतल्या डॉ. डु बॉय यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं. निग्रोंनी युनोकडं जो अर्ज केला होता त्याच्या प्रती मागितल्या होत्या. १९७२ साली मुंबईत पँथर निघाली तेव्हा काळ्यांशी आपलं नातं काही नव्यानं जुळलं नव्हतं.

लोक त्याला निग्रोंचं राष्ट्रगीत म्हणू लागले. गोऱ्यांना हे तेव्हाही टोचलं, आजही टोचतं. एका देशाला दोन राष्ट्रगीतं कशी, असा सवाल. २०२१ साली त्याला देशाचं स्तोत्रगीत करावं म्हणून अमेरिकेच्या संसदेत विधेयक मांडलं गेलं, २०२३ साली फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या सामन्याआधी मैदानात ते गायलं गेलं, तेव्हाही ओरड झाली. एका देशात दोन पाणवठे चालतात. दोन शाळा, दोन स्मशानं चालतात. गाणी मात्र दोन चालत नाहीत.

आता माझी एक तक्रार. शेवटच्या कडव्यातल्या देवाशी माझं जमत नाही. ५६ साली आपण ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यानंतर दुसऱ्या कुणाच्याही देवापुढं हात जोडणं आपल्याला जड जातं. पण त्या माणसांना चर्चशिवाय एकत्र बसायला दुसरं छप्पर नव्हतं हेही खरं. आणि त्या मायभूमीचं काय? १४ ऑगस्ट १९३१ रोजी मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना तोंडावर विचारलं होतं की आम्हाला मायभूमी आहे कुठं. जॅक्सनव्हिलची पोरं मायभूमीशी इमान राखायचं गातात, पण ती कुठली ते गाणं सांगत नाही. आफ्रिका, जिथून बेड्या घालून आणलं? की फ्लोरिडा, जिथं बागेत बसल्याबद्दल फास लागतो? मला वाटतं जेम्सनं ते मुद्दाम उघडं ठेवलं. शाळामास्तर होता, वरच्यांच्या पगारावर होता. कुठं थांबायचं त्याला कळत होतं.

१९३९ साली न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी ऑगस्टा सॅव्हेज या काळ्या शिल्पकार बाईला काम मिळालं. ती जॅक्सनव्हिलजवळच्या ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज गावची. लहानपणी मातीची चित्रं करायची म्हणून धर्मोपदेशक बापाचा मार खाल्लेली. तिनं या गाण्याचं शिल्प केलं. सोळा फूट उंच वीणा, आणि वीणेच्या तारा म्हणजे रांगेत उभी राहून गाणारी काळी माणसं, चढत्या उंचीची. प्रदर्शनवाल्यांनी त्याचं गाण्याचं नाव काढून नुसतं 'वीणा' केलं. शिल्प प्लॅस्टरचं होतं. ते ब्राँझमध्ये ओतायला तिच्याकडं पैसे नव्हते. १९४० साली प्रदर्शन संपलं आणि बुलडोझर फिरला. आठवण म्हणून विकलेल्या छोट्या धातूच्या प्रतिकृती तेवढ्या राहिल्या.

मी सातवीत होतो तेव्हा शाळेत सभापती यायचे होते. स्वागतगीत बसवलं आठ दिवस. आमच्या वस्तीतल्या चार पोरींचा आवाज सगळ्यात चांगला, तालमीत त्याच पुढं असायच्या. त्या दिवशी सकाळी बाईंनी ठरवलं की पाहुण्यांपुढं कोण उभं राहील. या चौघींना दारात चपला सांभाळायला बसवलं. मी पाणी भरायला होतो, म्हणून मला दिसलं. आत गाणं सुरू झालं आणि चौघी चपलांच्या ढिगापाशी बसून, खालच्या आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण गाणं म्हणाल्या.

म्हणून माया अँजेलोच्या १९६९ सालच्या आत्मचरित्रातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. १९४० साल, आर्कान्सा राज्यातलं स्टॅम्प्स नावाचं खेडं, काळ्यांच्या शाळेत आठवी पास झालेल्या पोरांचा निरोप समारंभ. माया बारा वर्षांची, पिवळा नवा झगा घातलेला. रिवाज असा की आधी अमेरिकेचं राष्ट्रगीत, मग झेंड्याची शपथ, मग आपलं गाणं. त्या दिवशी शपथ झाली आणि पोरं गाण्यासाठी उभीच राहिली, तर हेडमास्तरांनी खुणेनं खाली बसवलं. गोरा पाहुणा येणार होता. तो आला, बोलला. गोऱ्यांच्या शाळेला नवे सूक्ष्मदर्शक मिळणार, चित्रकला शिकवायला मोठा चित्रकार येणार. आणि तुमच्यातून चांगले खेळाडू निघतात, मला निवडून द्या, मैदान करून देतो. म्हणजे गोऱ्यांची पोरं शास्त्रज्ञ होणार आणि यांनी पळायचं. एवढं बोलून गाडी गाठायची म्हणून तो निघून गेला. मागं राहिलेल्या पोरांना आपल्या नव्या कपड्यांची लाज वाटायला लागली.

वर्गात पहिला आलेला मुलगा भाषणाला उठला. भाषण त्यानं पाठ केलेलं, पूर्ण केलं. मग लोकांकडं पाठ केली, वर्गाकडं तोंड केलं आणि गाळलेलं गाणं सुरू केलं. आठवीची पोरं त्याच्या मागं उचलून धरू लागली. खुर्च्यांवरचे आई-बाप उभे राहिले. माया लिहिते की अक्षरं गिरवायला लागल्यापासून ती हे गाणं म्हणत होती, पण शब्द तिनं पहिल्यांदा ऐकले ते त्या दिवशी. शिशुवर्गाची पोरं, ज्यांचं त्या दिवशी सशांचं आणि फुलांचं नाटुकलं होतं, तीही मोठ्यांच्या मागनं जमेल तसं म्हणत होती.